बांबूचा भाला

तांदूळ निवडायचं मशीन बसवायला आलेला हिगुची
तीन आठवडे लाखांदुरात राहिला.
जाताना फिटर फगवाजी नाकाड्यांच्या हातात
एक लाकडी डबी ठेवून गेला.
चाळीस सोंगट्या, म्हणाला.
मोजल्या तर एकोणचाळीस.

हरवलेला भाला फगवाजींनी
बांबूच्या कामटीतून तासला,
बॉलपेनने त्यावर अक्षर गिरवलं.
जपानी माणसाला ते वाचता येईल का
कोण जाणे. आम्हाला येतं.

मी मिलच्या काट्यावर बसते.
धान भरलेली गाडी येते, पावती.
रिकामी होऊन परत येते, पावती.
मधल्या वेळात
जुन्या पत्र्यावर खडूने आखलेली
एक्याऐंशी घरं.

दोन्हीकडच्या सोंगट्या एकाच रंगाच्या.
"टोक कोनाकडं, तेवढं पाहायचं," फगवाजी सांगतात.
"टोक तुह्याकडं, तर थो तुहा वैरी."
मारलेली सोंगटी मरत नाही.
वाटीत जाऊन बसते,
आणि मनात येईल त्या घरात
उलटं टोक करून परत उतरते.
मी म्हटलं, ग्रामपंचायतीसारखंच की!
ते हसले नाहीत.
त्यांचा सख्खा भाऊ मागच्या खेपेला
दुसऱ्या पॅनलमधून उभा होता.

पहिले चाळीसेक डाव
दिसेल ते खात सुटले.
माझा राजा, जिथे मांडला
त्याच घरात मेला.
"डुक्कर धानात शिरल्यावर
मचान बांधतेस काय वं?"

मग मचाण शिकले.
आधी सोनं, शेजारी चांदी,
राजा एकेक घर सरकत कोपऱ्याकडे.
तोवर पलीकडे ते काहीबाही करत असतात
आणि आपला हात शिवशिवतो.
हात मांडीखाली दाबून बसायला
मला दोन हंगाम लागले.

डाव संपला की म्हणतात, "परत मांड."
मी बोट ठेवते: इथे हरले, घोडा गेला तिथे.
"नाही. सतरावी चाल."
सतराव्या चालीत तर काहीच झालं नव्हतं!
"म्हनूनच."
पावतीपुस्तकाच्या मागच्या पानांवर
अशा किती चाली लिहून ठेवल्यात,
ज्यांत काहीच झालं नव्हतं.

हरणाऱ्याने तोंडाने म्हणायचं, हा नियम आहे.
सुरुवातीला पुटपुटायची.
पुढे पुढे वजन वाचावं तसं जमलं:
सव्वीस टन चारशे.
हरले.
एकशे अकरा वेळा.

काल संध्याकाळी त्यांचं एक प्यादं
पुढे पुढे येत माझ्या दारापाशी पोचलेलं.
त्याच्या नेमकं पाठीमागे
मी बांबूचा भाला ठेवला.
समोर चार घरं मोकळी, पाचव्यात त्यांचा राजा.
वाटीत त्यांच्याकडे तीन प्यादी होती, नुसती प्यादी.
पण एका रांगेत आपली दोन चालत नाहीत,
आणि एक तर आधीच तिथे होतं,
माझ्या दाराशी, मान वर करून.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला.
राजाला कुठे हलवावं, ते बोटाने हवेतच पाहिलं.
काट्यावर गाडी चढली, हॉर्न वाजला.
"थांब म्हना त्याले."
उठून माठातलं पाणी प्यायले,
गिरणीचा पट्टा उगीच तपासून आले.
वाटलं, आता काही आठवून घरी जातील.

बसले. पत्र्याकडे बघून म्हणाले,
"हरलो."
मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं.
एकशे अकरा वेळा मी फक्त ती बाजू शिकले होते.

"परत मांड."
मांडलं. मागे मागे जात
एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं:
"इथंच मारला असतास मले.
पाच चाली आधी.
चांदी होती न तुह्या वाटीत."

होती.
ड्रायव्हर खिडकीतून वजन विचारत होता.
मी पावतीपुस्तक उघडलं,
मागच्या बाजूने.