चार्ज देताना

ही कपाटाची किल्ली. खालचा कप्पा
जरा उचलून ओढा, खाऱ्या हवेनं फुगलाय.
हजेरीपट, पोषण आहाराची वही, घंटा,
एक पृथ्वीगोल; त्याचा हिंदी महासागर
पोरांच्या बोटांनी पुसट झालेला.
सगळं यादीत आहे. सही इथे.

यादीत नाही तो धीरज पावसे, पाचवी,
खिडकीजवळचा. त्याचा चार्ज तोंडी देते.

पहिलं वर्षभर मी त्याला निष्काळजी म्हणाले,
लाल शाईत, पानोपानी,
शुद्धलेखनाची एकही चूक न करता.
तो स्वतःला घीरज लिहायचा,
तीनचा सहा करायचा, सहाचा तीन,
आणि वर्ग हसला की तोही हसायचा,
जरा उशिरानं,
हसणंसुद्धा फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखं.

मग तालुक्याच्या प्रशिक्षणात
डिस्लेक्सिया हा शब्द मिळाला.
वहीत लिहून घेतला. परतीच्या एसटीत
दापोली सुटल्यावर खड्ड्यांत अक्षरं हलायला लागली,
वाटलं, असंच दिसत असेल त्याला.
तसं नसतं, पुढे कळलं. अक्षरं जागेवरच असतात.
आवाजाची आणि अक्षराची
गाठ लवकर बसत नाही, एवढंच.

हे त्याच्या बापाला सांगायला जेटीवर गेले.
तो फाटलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता.
सगळं ऐकून म्हणाला,
"गाठ? गाठ येते की त्याला."

त्या रात्री पुठ्ठ्यावर जाळ्याचा दोरा चिकटवला:
ध च्या माथ्यावर गाठ, भ च्या माथ्यावर गाठ,
घ आणि म रेघेखाली मुकाट.
धीरजनं डोळे मिटून बोट फिरवलं.
होडीचा आवाज आधी येतो, होडी मागून;
पहिल्या वेलांटीचं उलटं, ती आधी दिसते,
ऐकू मागून येते. हे मी नाही, त्यानं सांगितलं.
रफार म्हणजे वाळत घातलेल्या बोंबलांवरचा कावळा,
आपली जागा सोडून पुढच्याच्या डोक्यावर.

एक चूक मात्र तुम्ही करू नका.
मी सगळ्यांना सांगत सुटले होते, बघा,
इंजिनाच्या आवाजावरून बोट ओळखतो,
लिलावाचा हिशेब तोंडी करतो.
तो ऐकून घ्यायचा. एकदा मधल्या सुट्टीत
पाणी प्यायच्या निमित्तानं मागे थांबला.
"बाई, ता ऱ्हावदे. माला वाचायचा हाय."

तर हा खिडकी कापलेला पुठ्ठा,
एका वेळी एकच ओळ दिसते.
उद्या काय वाचायचं ते आज त्याच्या कानात सांगा,
अचानक उभं करू नका.
इतिहास तोंडी विचारा, अफाट सांगतो.
हिरव्या फितीची फाइल म्हणजे त्याचा दाखला;
दोनदा रत्नागिरीला गेलो तेव्हा डॉक्टर रजेवर,
तिसऱ्यांदा शिक्का मिळाला. ज्यादा वेळ, लेखनिक,
सगळं त्यावर मिळतं, पण मागावं लागतं.
लाल पेन मी घेऊन जातेय.

मागच्या महिन्यात बंदरावर बावटा लागला.
फळ्यावर खडूनं सूचना. बाकीचे
एका नजरेत वाचून घरी गेले.
धीरज म्हणाला, मी वाचतो.
म-च्छी-मा-रां-नी. मागे बाप,
हातात डिझेलचा भरलेला कॅन.
खो-ल स-मु. तिथे अडला, मागे गेला, पुन्हा आला.
बापानं कॅन खाली ठेवला नाही,
शब्द पुढे केला नाही.
शेवटी आकडा. त्यावर तो सगळ्यात जास्त थांबला,
हवेत बोटानं दोनदा गिरवला.
"तीन नंबर," म्हणाला.
तीनच होता.

तेवढा वेळ लागतो.
भिंतीवरचं घड्याळ यादीत सोळाव्या क्रमांकाला आहे,
पाच मिनिटं मागे पडतं.
दुरुस्तीला टाकू नका.