उलटा पीळ

घोडबंदरला, गायमुखच्या चढावर
काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटींतून
वाफ आली, इडलीपात्रातून येते तशी.
मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न नाही दिला,
उतरून पाण्याची अर्धी बाटली दिली.
"विकून टाका ताई," एवढंच म्हणाला.

विकत घेऊन अकरा दिवस झाले होते.

एमएच शून्य चार, अठ्ठ्याण्णवचं मॉडेल.
रंग कागदोपत्री पांढरा,
प्रत्यक्षात चहा पिणाऱ्याच्या दातांइतका.
मेकॅनिकने सांगितलेला आकडा ऐकला
आणि सरळ हार्डवेअरच्या दुकानात जाऊन
दहाचा, बाराचा, चौदाचा पाना घेतला.

कोलबाडच्या आमच्या सोसायटीत पाटी आहे:
आवारात वाहन दुरुस्त करू नये.
सेक्रेटरी गुडेकर त्या पाटीखालीच उभे राहून
मला सांगत होते, आधी बॅटरीचं मायनस काढा.

रेडिएटर रिकामा केला.
बादलीत उतरलं त्याला पाणी कोण म्हणेल?
होजला क्लिप नव्हती, बाइंडिंग वायर होती,
दुपदरी, घट्ट, टोक आत वळवलेलं,
कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.
पकडीने उकलायला गेले तर आणखी आवळली.
पुन्हा केलं. पुन्हा आवळली.
मग कळलं, पीळ उलटा आहे.

आणि मग तोच दिसू लागला जिथे तिथे.
हॉर्नच्या वायरीचा जोड, उलटा.
सायलेन्सरची टांगणी, उलटी.
डॅशबोर्डच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला
तर अंधारात बोटांना तोच लागला.
डावखुरा, मी म्हटलं.
टॉर्च धरून कंटाळलेली मैथिली म्हणाली, कोण?
आपल्याआधी इथे हात घातलेला माणूस.

थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता.
नुसती पोकळी, आणि तिच्याभोवती
नीट कापून बसवलेलं पुठ्ठ्याचं गॅस्केट.

आधीच्या मालकाचं नाव वामन धाकू राऊळ, किसननगर.
विम्याच्या जुन्या पावतीवर नंबर होता.
बाईंनी उचलला.
ते डावखुरे होते का, हे कसं विचारतात कुणाला?
मी विचारलं, थर्मोस्टॅट का काढला?
त्या हसल्या. "गाडी तापायची. तेही तापायचे.
एकाला तरी थंड करायला नको?"
मग थांबून म्हणाल्या,
उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली,
वागळे इस्टेटला, सोळा नंबर रस्त्यावर.
अंगठा राहिला. त्यावर स्टिअरिंग पेलायचे.
पान्याचं काम मात्र डाव्याने शिकले, पन्नाशीत.
"चालते ना गाडी?"
चालते, म्हटलं.
तेव्हा ती वर्तमानपत्रांवर सुटी पडली होती,
रविवारच्या दोन पुरवण्या भरून.

नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून
दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिला.
ब्याऐंशीच्या आसपास त्याने तोंड उघडलं,
हळू, झोपेतल्या पोरासारखं.
मैथिली म्हणाली, आता यात चहा नको.

क्लिपा नव्या बसवल्या. वायरी बदलल्या.
डॅशखालचा तो एक जोड ठेवलाय, वरून टेप गुंडाळून.
चूक आहे, माहीत आहे.
उरलेल्या तारेचा तुकडा घेऊन
डाव्या हाताने पिळून पाहिला,
तीनदा निसटला, चौथ्यांदा नखात गेला.

संध्याकाळी इंजिन चालू ठेवून उभे राहिलो,
मी, मैथिली, पाटीखाली गुडेकर.
काटा चढत गेला, मध्यावर आला,
थोडा पुढे सरकला,
आणि पंखा आपणहून फिरू लागला.
कुणी काही बोललं नाही.
गुडेकरांनी फक्त वर खिडक्यांकडे पाहिलं.

खालच्या होजमधून अजून गळतो
मिनिटाला एखादा हिरवा थेंब.
श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवलाय खाली.
पुढच्या रविवारी बघू.