डावरी गाठ

पहिला हेर मी भुईकोटात ठेवला, आदिलशाहीतला.
याकूब. दारूखान्याचा हिशेबनीस, एका डोळ्याने अधू.
सोरा रोज शेरभर कमी भरायचा
आणि पहारेकरी सगळे शपथेवर निर्दोष.
याकूबने तराजूकडे पाहिलंच नाही.
तो तटाच्या त्या कोपऱ्याशी गेला
जिथे बकऱ्या माती चाटत होत्या.

दुसरा गिरणीतला, गुरुपादप्पा टाइमकीपर.
खून भोंग्याच्या वेळेला झाला, दहा साक्षीदार.
त्या दिवशी भोंगा सात मिनिटं उशिरा झाला
हे अख्ख्या सोलापुरात त्यालाच ठाऊक,
कारण झोप त्यालाच लागली होती.
खुनी दाखवायचा तर नोकरी जाणार.
संपादक म्हणाले, शेवट जरा गोड करा.
नाही केला.

तिसरी गोष्ट फसली.
सन बहात्तर, खडी फोडायचं काम,
हजेरीपटावर मेलेली माणसं अंगठे उठवतात.
वाचकांची पत्रं आली: यात रहस्य काय?

चौथी सन तीसची. मार्शल लॉ, संचारबंदी.
साखर पेठेतला नरसय्या विणकर
दिवेलागणीनंतर बाहेर पडला, कशाला ते कुणाला माहीत नाही.
तिसऱ्या पहाटे उंबऱ्यात त्याचं उपरणं,
एका टोकाला पैसे बांधलेले.
अंबव्वा, त्याची बायको, ते टोक चाचपत राहिली.
तुटला धागा दिवसातून शंभरदा सांधणारी माणसं ती,
अक्षरावरून ओळखावं तसं गाठीवरून ओळखायची.
कांडी भरता भरता तेलुगूत एकदाच बोलली:
ही गाठ डावऱ्या हाताची. ह्यांची नव्हे.

गल्लीत डावरा एकच,
भिंतीला भिंत लागून त्याचा माग.
पुढे बारा वर्षं तो ह्या घरात ज्वारी टाकत होता
आणि ती दळत होती,
त्याच्याच ज्वारीची कडक भाकरी पोरांच्या हातात देत होती.
पाप फेडत होता, की नुसता शेजारी होता?
माझ्या वडिलांनी विचारलं नाही. तेही त्याच भाकरीवर वाढले.

याकूबला पाठवून पाहिलं, गुरुपादप्पाला पाठवून पाहिलं.
दोघंही उंबऱ्यापर्यंत जातात
आणि जात्याचा आवाज ऐकून परत फिरतात.

उपरणं माझ्या ट्रंकेत आहे. आत तीन नाणी असावीत, किंवा दोन.
सोडलं तर कळेल,
पण सोडलं की पुरावा गेला.
नरसय्या माझा आजोबा.
त्याची माझी गाठ कधी पडली नाही.
पडली ती ही एवढीच,
आणि तीही दुसऱ्याच कुणी मारलेली.