दाराची आतली बाजू

सांग्याच्या वीज कचेरीत तक्रारींचं रजिस्टर आहे,
अकरा रकाने, लाल पुठ्ठा.
मी रुजू झालो तेव्हा दहावा रकाना कोरा होता,
निवृत्तीला दोन वर्षं उरली तरी कोराच आहे:
‘कारणमीमांसा’.

एका संध्याकाळी इनास कुतिन्होने
स्टोअरच्या दाराला आतून खडूने लिहिलं:
रिवण, देवळामागचा खांब. फांदी.
विचारलं तर म्हणाला,
विसरतो, सायबा. बायकोने सांगितलेलंही विसरतो.

दुसऱ्या दिवशी खाली शाबी वेळीपचं अक्षर,
शाळा सुटल्यापासून न वापरलेलं, उजवीकडे उतरत गेलेलं:
फांदी न्हय. घार.
घरटं आहे. पिल्लं उडाली की तोडू.
मग म्हाबळूने तिथून एक बाण काढला थेट वाड्यापर्यंत:
इथली गेली की तिथलीही जाते.

पंधरवड्यात दार भरलं.
जागेवरून भांडणं झाली,
आणि कुणीतरी ठरवलं (कुणी, ते मला आजही ठाऊक नाही)
झालेलं काम पुसायचं नाही,
त्यावर तिरकी रेघ मारायची.

पाच वाजता भाजी-पाव संपला
की सगळे दारासमोर उभे राहू लागले,
हातात चहाचे पेले, बोटांना ग्रीस.
त्याला बैठक म्हटलं असतं
तर खुर्च्या आणाव्या लागल्या असत्या.

परिपत्रक मी लिहायला घेतलं होतं, खोटं कशाला सांगू.
‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की’
इथवर हात आपोआप चालला.
तेवढ्यात दाराशी कशावरून तरी हशा पिकला
आणि मी अडलो:
हा हशा कुठल्या कलमात घालू?
कागद खणात गेला.
त्याच्या पाठीवर आता साखरेचा हिशेब आहे.

मडगावचे साहेब आले, दार बघून खूश झाले.
दुसऱ्या तीन कचेऱ्यांत त्यांनी फळे बसवले,
चौकटी आखलेले, आदेश क्रमांकासह.
खडूचे खोके तिथे अजून सीलबंद आहेत म्हणे.

बांधकाम खात्याचा रंगारी आला
तेव्हा मी एवढंच म्हणालो,
बाहेरून मार. आतून नको.
तीस वर्षांतला माझा हा एकच निर्णय
कुठल्याही फाइलीत नाही.

आता शेफाली प्रभुगावकर आलीय, नवी इंजिनिअर.
पोरं तिला फोनवरच कळवतात,
‘वाडें गेलं’, सोबत खांबाचा फोटो.
दार रोडावत चाललंय.
पाचला चौघे उभे असतात खरे, पण माना खाली.
मला ते आवडत नाही.
काल तर वाटलं, आता काढावंच परिपत्रक,
दाराच्या बाजूने.
खण उघडला.
साखरेचा हिशेब वाचला.
खण लावला.

नेत्रावळीच्या रानात रेंज नसते.
तिथून शाबी येतो, चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढतो
आणि लिहितो.
आज लिहिलं:
यंदाचीही पिल्लं उडाली. फांदी तोडू?

शेफालीने दोनदा वाचलं,
फोन खिशात टाकला
आणि इनासकडे खडू मागितला.

तिने काय लिहिलं
ते बघायला मी अजून उठलो नाही.