ओरखडे

गाडी ताब्यात देताना पोऱ्या म्हणाला,
आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा साहेब,
नाहीतर तुमच्या नावावर पडतील.
काढले. सतरा.

तीन दिवसांची सुट्टी, भाड्याची पांढरी गाडी,
शेजारी शलाका, मांडीवर पेढ्यांचा पुडा.
तिकडच्या हाताला इंडिकेटर म्हणून जे सापडतं
ते इथे वायपर निघतं,
कोरडी काच उगाच खरवडत राहते.

तीन हात नाक्यावर मला दोनच हात,
त्यातला एक कायम हॉर्नवर.
ज्या गल्लीत सायकल शिकलो
तिचं नाव फोनमधली बाई
अडखळत, तोडून तोडून उच्चारते.
वळा म्हणते. वळतो.

माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षा घासून गेली.
रिक्षावाला उतरला,
माझा दुमडलेला आरसा सरळ करून म्हणाला,
पाहुणे का?
नाही हो, नौपाड्यातलाच, म्हणेस्तोवर
सिग्नल सुटला
आणि मागून अख्खं ठाणं कोकललं.
शलाकानं न बोलता पेढा पुढे केला.

परत करताना पोऱ्या टॉर्च घेऊन फिरला गाडीभोवती.
सतरा. ओके.
अठरावा मीच बोट ठेवून दाखवला,
हा माझा, म्हटलं. घे लिहून.
त्यानं अंगठ्याला थुंकी लावली
आणि पुसून बघायला लागला.