दोन मिलीमीटर

कुळमेथे बाई गाडी ढकलत आल्या,
मे महिना, दुपारचा दीड,
मागे बांधलेला नायट्रोजनचा डबा,
त्यात बैलांचं बीज, उणे एकशे शहाण्णव अंशांवर,
आणि बाहेर कुरखेड्याचा डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता.

"इंजिन बोंबलते जी, गाडी सरकत नाही.
बेडगावच्या घाटात मले बैलबंडीनं मागं टाकलं."

उंच गाडी. नागपूरच्या कुणा शर्यतवाल्यानं विकलेली,
बाईंचे पाय जेमतेम बोटांवर टेकत.

मी आधी वास घेतला.
रज्जाक उस्ताद म्हणत, नाक आधी, पाना मग.
जळका कागद, त्यात थोडे जळके केस.
पण नुसत्या वासावर इंजिन खोलू नये.
बाभळीखाली गाडी चालू केली,
चौथा गिअर, पुढचा ब्रेक आवळला,
रेस दिली आणि क्लच सोडला.
धडकी गाडी इथं आचका खाऊन बंद पडते.
ही पडली नाही.
जागीच गुरगुरत राहिली,
कामाला निघालो म्हणत ओट्यावर बसून राहणाऱ्या माणसासारखी.

मग लिव्हर.
तिथं थोडी ढील लागते, दोन मिलीमीटर.
"दहाचं नाणं आहे?"
बाईंनी दिलं.
नाणं फटीत जाईना. फटच नव्हती,
केबल कुंपणाच्या तारेसारखी ताठ.
"कोणं कसली?"
"मीच. ढिल्ली वाटे."

ॲडजस्टर सोडला, बसस्टँडपर्यंत चक्कर मारली.
फरक पडला, पुरेसा नाही.
तेल काढलं. पातळ, काळं.
"जीपमधलं उरलं होतं, ड्रायव्हर म्हणे टाका."
चारचाकीचं तेल फार गोड बोलतं,
प्लेटांना निसटायला शिकवतं.

उजवं कव्हर खोललं.
नऊ बोल्ट, प्रत्येकाची लांबी वेगळी,
दुर्गेशनं सलाईनच्या खोक्यावर कव्हर रेखून
ज्याचा तो बोल्ट त्याच्या जागी खोचला.
आत कॉर्कच्या वड्या घासून गुळगुळीत,
लोखंडी प्लेटा जांभळ्या पडलेल्या.
व्हर्नियर लावला. तीन हवे, दोन पूर्णांक सहा.
चारही स्प्रिंगा बसक्या.

वडशाला फोन केला. सामान साडेचारच्या बसनं.
"साडेचार?" बाई उठून उभ्या राहिल्या,
"मसेलीत गाय माजावर आहे, सकाळपासून.
ते काय बसची वाट पाहते?"
आणि परत बसल्या.

बस पाच वाजता आली.
नव्या प्लेटा जर्मनच्या गंजात तेलात बुडवल्या.
रात्रभर हव्या होत्या, अर्धा तास मिळाला.
त्या अर्ध्या तासात मला दिसलं:
बाकावर बसलेल्या बाईंची डावी दोन बोटं
डब्याच्या कडीवर वाकलेली,
दाबून, सोडून, पुन्हा दाबून.
"रेतीत बोटं उचलता का कधी?"
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"मागच्या साली सतीच्या पात्रात पडली मी.
डबा उलटला, सगळं बीज गेलं.
पगारातून कापलं.
तवापासून सोडवत नाही."
मी काही बोललो नाही. गॅस्केट खरवडत राहिलो.

एक कोरडी, एक लोखंडी नव्हे,
एक भिजलेली, एक लोखंडी, अशी रास बसवली.
स्प्रिंगांचे बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळले.
नवं तेल, दुचाकीचं.
लिव्हरपाशी नाणं सरकवलं, अलगद बसलं.

चौथा गिअर. ब्रेक. रेस. क्लच सोडला.
आचका, आणि गप्प.
गाडी बंद पडली म्हणून आम्ही तिघंही हसलो.

सव्वासहाला बाई गेल्या.
मी हात पुसत ऐकत उभा होतो,
नदीपर्यंत आवाज आणि गाडी सोबत गेले,
रेतीत एकदा इंजिन उंच ओरडलं,
मग उतरलं.

गाईचं काय झालं, विचारायचं राहिलं.
नाणंही परत द्यायचं राहिलं,
व्हर्नियरच्या डबीत आहे, तेलकट.
आता मी त्यानंच मोजतो.