बारा सहा

डुलुथमध्ये एप्रिलातही उत्तरेच्या भिंतीशी
बर्फाचा एक मळका ढीग उरतोच.
त्यात बूट रोवून मी टेप ओढते.
घर बाहेरून मोजायचं असतं,
भिंतींची जाडी धरून :
लाकूड, भुसा, वारा अडावा म्हणून
कोंबलेली जुनी वर्तमानपत्रं,
सगळं चौरस फुटांत येतं.
हे सांगितलं की लोकांना आवडतं.
पुढचं आवडत नाही.

वाइनो कंगास, वय चौऱ्याऐंशी,
खनिजाच्या धक्क्यावर सुतार होता.
मुलगी टूसॉनला बोलावते आहे,
बँकेला आकडा हवा आहे.
"मागची बाजू मी घेतो," म्हणाला,
आणि खिशातून स्वतःचा टेप काढला.
मी नको म्हणायला हवं होतं.

पुढची बाजू अठ्ठावीस.
मागे पन्हळीचा पाइप उतरतो, म्हणून दोन तुकडे.
तो कोपऱ्यावरून ओरडला, "पंधरा सहा!"
मग, "बारा सहा!"
मी लिहिलं.
गाडीत बसून, हीटरपुढे बोटं धरून
रेघा जोडायला घेतल्या,
तर शेवटची रेघ पहिलीला भेटेना.
दोन दशांशांची फट.
एवढ्याने कुणाचं घर उघडं पडत नाही,
पण असा नकाशा मी आजवर दिलेला नाही.
पुन्हा उतरले.

त्याच्या टेपवर फुटाचे बारा भाग,
पावकी, निमकी, सुताराची सगळी बाराखडी.
माझ्या टेपवर दहा.
त्याचे सहा म्हणजे बरोबर अर्धा फूट,
माझे सहा अर्ध्याच्या जरा पुढे.
"म्हणजे मी चुकीचं वाचलं नाही."
"नाही."
"मग?"
"मी न विचारता लिहिलं."

अठ्ठावीस गुणिले पंचवीस, सातशे.

वर, उतरत्या छपराखाली
मी पाच फुटांची काठी उभी केली.
काठी अडते तिथे खोली संपते.
त्यापलीकडे फळ्यांवर
पेन्सिलीने ओढलेले रस्ते होते,
एक पूल, आगगाडीचे रूळ,
आणि उलट्या अक्षरांत "थांबा".
पाच फुटांहून बुटक्या माणसांनी वसवलेलं गाव.
मी ते वगळलं.
चौदा गुणिले अठ्ठावीस, तीनशे ब्याण्णव.
तळघरातली सौना जमिनीखाली,
तिचा रकाना वेगळा.

राहिली पुढची काचेची पडवी.
मी भिंतीवरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं.
ऊब येईल असं कुठलंच भोक नव्हतं.
"सिल्वी मेपासून सप्टेंबरपर्यंत इथेच असायची,"
वाइनो म्हणाला. "शेवटी शेवटी रात्रीसुद्धा."
मी म्हटलं, ही धरता येणार नाही.

कौंटीच्या दप्तरी तेराशे सोळा,
माझे एक हजार ब्याण्णव.
वजाबाकी दारातच केली : दोनशे चोवीस.
अठ्ठावीस आठे.
कुणीतरी कधीतरी रस्त्यावरूनच काचा पाहिल्या
आणि खोली म्हणून लिहून टाकली.

वाटलं, तो चिडेल.
तो हसत सुटला, ठसका लागेपर्यंत.
एकेचाळीस वर्षं कर भरला होता त्याने
या न धरण्याजोग्या जागेचा.
"मी दरवर्षी कटकट करायचो, जास्त घेतात म्हणून.
ती म्हणायची, घेऊ देत.
माझी खोली धरलीय त्यांनी."

सरोवरावरून गार वारा आला,
काचा चौकटीत थोड्या वाजल्या.
मी खालच्या रकान्यात लिहिलं :
बंदिस्त पडवी, उष्णतेची सोय नाही, आठ फूट रुंद.
तो खांद्यावरून वाचत होता.
"आठ नाहीये ते," म्हणाला.
"फळी कमी पडली होती त्या वर्षी."
पुन्हा टेप काढला,
गुडघा टेकायला वेळ लागला, मी थांबले.
"सात अकरा," त्याने वाचलं.
मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.
"इंच हं."
मी आठ खोडून
सात पॉइंट नऊ लिहिलं.